इंटर्नशिप संपत आली, पण हात बसला नाही: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका इंटर्न मुलीने विचारलंय: "सर, बीडीएस होत आलं, इंटर्नशिपचे शेवटचे महिने आहेत. कॉलेजात दाढा काढल्या त्या बहुतेक हलणाऱ्याच. रूट कॅनॉल केले ते पुढच्या दातांचे, दाढेचा एकही नाही. घरच्यांनी तालुक्याला गाळा बघून ठेवलाय. इकडे मोबाइलवर रोज दोन दिवसांच्या 'हँड्स-ऑन' कोर्सच्या जाहिराती येतात, कधी इम्प्लांटच्या, कधी रोटरी एंडोच्या, म्हणजे मशीनने रूट कॅनॉल करायच्या. कोर्स करू, कुणाच्या हाताखाली राहू, की सरळ क्लिनिक टाकू? शिवाय गावातल्या शिबिरात दात काढायला बोलावलंय, जाऊ का?"

आधी उत्तर देतो, कारणं मग. क्लिनिक एवढ्यात नको, आणि इम्प्लांटचा कोर्स तर अजिबातच नको. निदान वर्षभर अशा खुर्चीजवळ काम करा जिथं तुमच्या हाताकडे कुणीतरी बघत असेल आणि तुम्ही केलेलं काम आठ-पंधरा दिवसांनी तुमच्याचसमोर परत येईल. या दोन गोष्टी नसतील तर शंभर दाढा काढूनही पहिल्या दाढेला झालेली चूकच शंभर वेळा होते.

कॉलेजला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या वर्षी प्लास्टर, मेण, फँटम हेड (सरावाचं खोटं डोकं). तिसऱ्या वर्षापासून पेशंट. शेवटी वर्षभर इंटर्नशिप. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय घ्या नाहीतर वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेचं, तिथं येणारे पेशंट आपल्याच भागातले असतात. खोट आहे ती वेगळीच. ठरवून दिलेल्या केसेसचा कोटा भरायला केस तुम्ही सुरू करता, सर शेवटी येऊन सही करतात, आणि पोस्टिंग बदललं की तुमचा त्या पेशंटशी संबंध संपतो. भरलेला दात उंच राहिला का, काढलेल्या दाढेची जागा चौथ्या दिवशी ठणकायला लागली का, हे पुढच्या बॅचला कळतं, तुम्हाला कळत नाही. तालुक्याच्या गावात मात्र पेशंट बाजाराच्या दिवशी परत येतो आणि दारातूनच सांगतो, "मॅडम, तुम्ही भरलेली दाढ चावताना लागून राह्यली जी." हे ऐकून घ्यायची सवय आधी लागू द्या.

आता नेमकं काय शिकायचं ते बोलू. आपल्याकडच्या ओपीडीत सगळ्यात जास्त काय येतं? खालची किडलेली दाढ, रात्रभर ठणकलेली, आणि "काढूनच टाका" हा आग्रह. म्हणजे सगळ्यात आधी खालचा ब्लॉक, म्हणजे खालचा जबडा बधिर करायचं इंजेक्शन, पक्का हवा. नव्या माणसाचा ब्लॉक फसतो तेव्हा तो औषध वाढवत जातो, सुई कुठं गेली याचा विचार करत नाही. सुई साधारण २० ते २५ मिमी आत गेल्यावर हाड लागलं पाहिजे. निम्म्यातच हाड लागलं तर टोक फार पुढं आहे: सुई थोडी मागं घ्या, सिरिंज समोरच्या दातांकडे आणा आणि परत आत जा. हाड लागतच नसेल तर टोक फार मागं गेलंय: सिरिंज पलीकडच्या दाढांकडे न्या. हाड लागल्याशिवाय औषध सोडायचं नाही, आणि सोडायच्या आधी अ‍ॅस्पिरेट (दट्ट्या मागं ओढून सिरिंजमध्ये रक्त येतं का ते बघणं) केल्याशिवाय तर नाहीच. बहुतेक फसलेले ब्लॉक सुई खाली टोचल्यामुळे फसतात. हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं, पण आपली सुई खाली जाते आहे हे स्वतःला दिसत नाही. शेजारी उभ्या असलेल्याला लगेच दिसतं. म्हणूनच म्हणतो, बघणारं कुणीतरी हवं.

ओठ जड झाला तरी दाढेला हात लावू देत नाही, असंही होतं. सुजलेल्या, पेटलेल्या नसेवर भूल नीट बसत नाही. तिथं दुसरा ब्लॉक देऊन बघा, इंट्रालिगामेंटरी (दात आणि हाडाच्या मधल्या फटीत टोचायचं इंजेक्शन) द्या, पण डोस मोजून. २ टक्के लिग्नोकेन, म्हणजे आपलं भुलीचं औषध; त्याच्या एका मिलीत २० मिग्रॅ औषध असतं. अ‍ॅड्रेनालाईनसोबत कमाल मर्यादा किलोमागे ७ मिग्रॅ, एकूण ५०० मिग्रॅच्या वर नाही. निंदणाला जाणारी ४० किलोची बाई खुर्चीत असेल तर २८० मिग्रॅ, म्हणजे १४ मिली. ही गाठायची मर्यादा नव्हे, तिच्यापासून लांबच राहायचं. ३० मिलीची व्हायल हाताशी असली आणि पेशंट ओरडत असला की हा हिशेब सुटतो, म्हणून प्रत्येक वेळी किती मिली दिलं ते कागदावर लिहा.

आता खऱ्र्याचं. विदर्भात दंतवैद्यकी करायची आणि खऱ्र्याचं तोंड हाताळता येत नाही असं चालणारच नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पानठेल्यावर खर्रा घोटणं थांबलेलं नाही. त्यातून होणारा सबम्युकस फायब्रोसिस (तोंडाचं अस्तर कडक होऊन तोंड उघडेनासं होणं) तुम्ही कॉलेजात पाहिलाच असेल, पण तिथं त्याचं निदान करून पुढच्या खोलीत पाठवलं जातं. तुमच्या क्लिनिकमध्ये तोच माणूस खालची दाढ ठणकते म्हणून येतो, आणि तोंड दीड बोटही उघडत नाही. नेहमीचा ब्लॉक द्यायला जागाच नसते. त्याच्यासाठी तोंड मिटून द्यायची अकिनोसी पद्धत शिकून घ्या. गाल बाजूला ओढायचा, सिरिंज चावण्याच्या पातळीला समांतर धरायची, वरच्या शेवटच्या दाढेच्या हिरडीची जिथं गालाच्या अस्तराशी सांध होते त्या उंचीवर सुई रॅमस (खालच्या जबड्याचा मागचा उभा भाग) आणि ट्युबरॉसिटी (वरच्या जबड्याचा मागचा फुगवटा) यांच्या मधून साधारण २५ मिमी आत न्यायची. इथं हाड लागत नाही, हाच फरक. हाड शोधत बसाल तर चुकाल. ही पद्धत व्हिडिओ बघून शिकू नका. एकदा दुसऱ्याला देताना बघा, मग बघणाऱ्यासमोर स्वतः द्या. भूल बसली म्हणून दाढ निघेलच असंही नाही. १५ मिमी उघडणाऱ्या तोंडात फोरसेप (दात काढायची पक्कड) फिरत नाही, असा पेशंट सर्जनकडे पाठवायचा. त्यात कमीपणा काही नाही.

प्रत्येक पेशंटचं तोंड किती उघडतं ते मिलिमीटरमध्ये मोजून लिहायची सवय आत्ताच लावून घ्या. पट्टी एक रुपयाची असली तरी चालते. "तिखट खाल्लं की भाजतं" असं वीस-बावीस वर्षांचा पोरगा सांगत असेल तर गालाला बोट लावून बघा, फायब्रोसिसचे कडक पट्टे हाताला लागतात.

खऱ्र्याच्या तोंडात एक सापळा आहे. एकच दात भलताच हलतो, बाकीची हिरडी त्या मानाने बरी, आणि दाताभोवती ओबडधोबड, कडक, बोट लावलं की रक्त येणारी जखम. नवा डॉक्टर हलणारा दात बघून खूश होतो, कारण सोपा दात. हा दात काढू नका. कॅन्सरची गाठ असेल तर तुम्ही तिच्यातून दात उपटाल. कारण दूर करूनही दोन आठवड्यांत न भरणारी कुठलीही जखम बायोप्सीसाठी पाठवायची: सावंगी, सेवाग्राम किंवा नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, पेशंटला जिथं जाणं सोपं तिथं. नुसतं "नागपूरला दाखवा" म्हटलं तर तो जात नाही. चिठ्ठी लिहा, विभागाचं नाव लिहा, बरोबर कुणाला न्यायचं ते सांगा आणि पुढच्या बाजाराला फोन करून विचारा.

दात काढणं. सगळे उजव्या हाताकडे, म्हणजे फोरसेपकडे बघतात. मी नव्या मुलांचा डावा हात बघतो. अंगठा आणि तर्जनी दाताच्या दोन्ही बाजूंनी हाडाला धरून असतील तर हाड कुठल्या बाजूला सुटतंय ते बोटांना कळतं, जबड्याला आधार मिळतो आणि फोरसेप घसरला तर बोट मध्ये येतं. बहुतेकांचा डावा हात पेशंटच्या कपाळावर नाहीतर खुर्चीच्या पाठीवर असतो. दुसरी गोष्ट खुर्चीची उंची. वरच्या दाताला पेशंटचं तोंड तुमच्या खांद्याच्या थोडं खाली हवं, खालच्याला कोपराच्याही खाली. टाचा उचलून दाढ काढणारी मुलं मी पाहतो, मग रात्री पाठ दुखते आणि मुळं तुटतात. खालच्या उजव्या दाढेसाठी मागं उभं राहून बघा, मनगट वाकत नाही.

फोरसेप आधी खाली ढकला, मुळावर बसवा, मगच हलवा. मुळाऐवजी क्राउन (दाताचा वरचा भाग) धरलं तर ते तुमच्या हातात येणार आणि मुळं आतच राहणार. बाहेरच्या बाजूला दाबून धरा आणि थांबा. हाडाला पसरायला वेळ लागतो. उन्हाळ्यात हातपंप मारताना पाणी यायच्या आधी दोन-चार दम कोरडेच मारावे लागतात, तसंच हे: काही होत नाहीसं वाटतं तेव्हाच काम चाललेलं असतं, आणि घाई करणारा नेमका तेव्हाच झटका देतो. एलिव्हेटरचा (दात सैल करायच्या हत्याराचा) टेकू हाडावर घ्या, शेजारच्या दातावर कधीच नको. मूळ तुटलं तर पहिल्यांदा हात थांबवा, एक्स-रे बघा, पेशंटला सांगा, आणि मग ठरवा. वरच्या पहिल्या (सहाव्या नंबरच्या) दाढेचं तुटलेलं मूळ काढायला वरच्या दिशेने जोर लावला तर ते सायनसमध्ये (गालाच्या हाडातल्या पोकळीत) जाऊ शकतं. असा पेशंट सर्जनकडे पाठवून द्या.

कॉटन तीस मिनिटं दाबून धरायला सांगता, पण त्यानंतर खर्रा खायचा नाही हे सांगता का? न विचारताच सांगा. पेशंट दाराबाहेर पडला की पहिला ठेलाच लागतो.

दाढेचा रूट कॅनॉल शिकायला पेशंट लागत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. तुमच्याकडे काढलेल्या दाढा आहेत. घासून स्वच्छ करा, ओल्या ठेवा, ऑटोक्लेव्ह करा. मात्र ज्यांत चांदी (अमाल्गम, त्यात पारा असतो) भरलेली आहे त्या ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, पाऱ्याची वाफ होते. त्या १० टक्के फॉर्मलिनमध्ये दोन आठवडे ठेवतात. मग प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवा, आधी एक्स-रे काढा, एअरोटरने (दात कोरायच्या यंत्राने) अ‍ॅक्सेस (नसेपर्यंतची वाट) करा आणि शेवटी तीच दाढ डिस्कने उभी कापून बघा. कुठं जास्त खोदलं, मजल्याचा रंग कसा आहे, कॅनॉलची तोंडं कुठं आहेत, सगळं उघडं दिसतं. दाढेच्या उंचवट्याच्या टोकापासून पल्प चेंबरच्या (आतल्या नसेच्या पोकळीच्या) छतापर्यंत साधारण ६ मिमी अंतर असतं, ते बरवर (कोरायच्या पात्यावर) खूण करून लक्षात ठेवा. वरच्या पहिल्या दाढेत पुढच्या बाहेरच्या मुळात दुसरा कॅनॉल निम्म्याहून जास्त दाढांत सापडतो. कापलेल्या दाढेत तो एकदा डोळ्यांनी बघितला की पेशंटच्या तोंडात कुठं शोधायचा ते कळतं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या दाढा झिजून सपाट झालेल्या असतात, चेंबर आकसलेलं असतं. बर 'पडल्याचा' जो भास पुस्तकात सांगतात तो तिथं येतच नाही, आणि नवा माणूस भास येईपर्यंत खोदत राहून तळ फोडतो. अशा झिजलेल्या दाढा मुद्दाम गोळा करा. टाके घालायला खाटकाकडून बोकडाचा जबडा आणा. फ्लॅप (हिरडीचा पदर) उचलणं, हिरडी फाटू न देता टाका घालणं त्यावर उत्तम जमतं. कोर्सवालेही बऱ्याचदा तेच वापरतात, पैसे घेऊन.

काही गोष्टी आपल्या मातीच्या आहेत, बाहेरचा कोर्स त्या शिकवणार नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. तपकिरी खड्डे पडलेला प्रत्येक दात किडलेला नसतो. हवेने कोरडा करा, नीट बघा, प्रोबने कोरू नका. तिथल्या एनॅमलवर (दाताच्या वरच्या कठीण थरावर) काँपोझिट (दाताच्या रंगाचं भरण) नीट चिकटत नाही, वरचा थर बरने हलका खरवडून मग एच करावं, म्हणजे आम्ल लावून खरबरीत करावं लागतं. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) पूर्व विदर्भात आणि मेळघाटात भरपूर आहे. हिस्ट्रीत बीपी-शुगरच्या शेजारी तो प्रश्न छापूनच घ्या. सिकलसेलच्या पेशंटला कीड नसतानाही जबडा ठणकू शकतो, चांगल्या दाताची नस मरू शकते. दुखतंय म्हणून चांगला दात काढून बसू नका. अशा पेशंटला सकाळची वेळ द्या, पाणी भरपूर पिऊन यायला सांगा, जंतुसंसर्ग ताटकळत ठेवू नका, आणि मोठं काम असेल तर फिजिशियनशी बोलून घ्या.

मे महिन्यात ग्लास आयनोमर (दात भरायचं सिमेंट) लवकर सेट होतं, माप घ्यायचं अल्जिनेट तर वाटीतच घट्ट होतं. काचेची पाटी आणि पाणी गार ठेवा. सकाळच्या एसटीने उपाशीपोटी आलेला माणूस इंजेक्शन बघून घेरी येऊन पडतो. आधी विचारा काय खाल्लं. पडलाच तर खुर्ची आडवी, पाय वर. आणि ड्रॉवरमध्ये १:१००० अ‍ॅड्रेनालाईन ठेवलेलं असू द्या. खऱ्या अ‍ॅनाफायलॅक्सिसला (जीवघेण्या अ‍ॅलर्जीला) मोठ्या माणसाला ०.५ मिली मांडीच्या स्नायूत द्यायचं असतं. तो डोस तोंडपाठ हवा, त्या वेळी पुस्तक उघडायला सवड मिळत नाही.

रस्त्यावर बसवून दिलेले 'फिक्स दात' काढणंही शिकून घ्या. सेल्फ-क्युअर अ‍ॅक्रिलिक शेजारच्या दातांना तारेने बांधलेलं असतं, खाली हिरडी सडलेली. ओढू नका, बरने तुकडे करून काढा. स्केलिंग आणि कवळीबद्दल वेगळं लिहीत नाही, त्यात हात कॉलेजातच बऱ्यापैकी बसतो.

मग राहायचं कुठं? यवतमाळ, वणी, पुसद, चंद्रपूर, अमरावती, जिथं गर्दीची प्रॅक्टिस असेल तिथं. उपजिल्हा रुग्णालयाची डेंटल ओपीडीही चांगली, दाढा काढायला तिच्याइतकी संधी दुसरीकडे मिळत नाही. पगार कमी मिळेल, ते गृहीत धरा. पण जायच्या आधी दोन गोष्टी विचारा: माझी पहिली काही कामं कुणी शेजारी उभं राहून बघेल का? मी केलेले पेशंट फॉलोअपला माझ्याकडेच येतील का? "तुम्ही फक्त सक्शन धरा" असं असेल तर महिनाभर तेही शिका, त्याच्यापुढं नाही. एक वही ठेवा. दात कुठला, किती मिली दिलं, किती वेळ लागला, काय अडलं, आणि शेवटचा रकाना रिकामा: परत आल्यावर काय दिसलं. तो रकाना भरत जाईल तसा हात किती बसला ते तुम्हाला दुसऱ्याला विचारावं लागणार नाही. पेशंट परत आला नाही म्हणजे बरा झाला असं धरू नका. कापूस वेचणीत त्याला सवड नसेल, किंवा तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेला असेल. फोन करा.

कोर्सला माझा विरोध नाही. वर्षभरानंतर, पंचवीस-तीस दाढांचे रूट कॅनॉल हाताने करून झाले की रोटरीचा कोर्स जरूर करा, तेव्हा प्रश्न कुठले विचारायचे ते तुम्हाला माहीत असेल. जाहिरात बघताना एका शिकवणाऱ्यामागे किती मुलं आहेत ते विचारा. "लाइव्ह पेशंट" असं लिहिलं असेल तर तो पेशंट कुणाचा, त्याची संमती घेतली आहे का, आणि तुम्ही रविवारी घरी गेल्यावर सोमवारी त्याला सूज आली तर बघणार कोण, हेही विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर त्याच पैशात अ‍ॅपेक्स लोकेटर (मुळाचं टोक शोधणारं यंत्र) आणि चांगल्या फोरसेपचा सेट येतो.

शिबिराला जा, पण इंटर्न म्हणून एकटं नाही. सोबत नोंदणी झालेला दंतवैद्य हवाच, ते कायद्याचंही आहे. तपासा, तोंड मोजा, खऱ्र्याबद्दल बोला, चिठ्ठ्या लिहा. लहान पोरांच्या किडलेल्या दातांना एआरटी करता येतं: हाताच्या एक्सकॅव्हेटरने कीड काढायची आणि ग्लास आयनोमर भरायचं. ड्रिल लागत नाही, वीज लागत नाही. दात काढायचे असतील तर आयोजकांना आधीच दोन प्रश्न विचारा: निर्जंतुक केलेले किती सेट आहेत, आणि दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं नाही तर पेशंट कुणाकडे जाणार. पहिल्याचं उत्तर वीस असेल तर वीसच पेशंट. आयोजक म्हणतील, "मॅडम, लोकं लांबून आले जी, गरम पाण्यात बुडवून घ्या." ऐकायचं नाही. उरलेल्यांची नावं लिहून घ्या आणि ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीचा वार सांगून परत पाठवा.